मामांचं 'स्मोकर पॅकेज' केलं ठाण्यात: छातीच्या सीटीला जोडून पोटाचा सीटी, पैसे वसूल की नाही

सेंटरचं नाव टाकत नाहीये, ठाणे वेस्टला आहे, मोठं आहे, एवढं पुरे. मला त्या एका सेंटरपेक्षा त्या पॅकेजबद्दल जास्त बोलायचंय, कारण असल्या पॅकेजचे मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येत असतात आणि लोक विचारतात की करावं का, आणि उत्तर द्यायला कोणी नसतं, मग एक तर सगळेच करतात नाहीतर कोणीच करत नाही.

पॅकेज असं की सिगारेट-विडी ओढणाऱ्यांसाठी छातीचा लो डोस, म्हणजे कमी रेडिएशनचा, सीटी साडेतीन हजार, आणि वर दोन हजार भरले की त्याच वेळी त्याच टेबलवर पोटाचाही प्लेन सीटी, म्हणजे इंजेक्शन नाही, डाय (आतलं नीट उठून दिसावं म्हणून देतात ते औषध) नाही, काही प्यायचं नाही. मेडिक्लेममध्ये हे बसत नाही, आमच्या पॉलिसीत तरी नाही बसलं, सगळे खिशातून.

माझे मामा ६६ वर्षांचे. वागळे इस्टेटला लेथवर आयुष्य गेलं, आधी विडी मग सिगारेट, दिवसाला साधारण पंधरा, पस्तीस वर्षं. आता दोन-तीनवर आलेत पण सुटलेली नाही. तब्येतीला तशी काही तक्रार नाही, सकाळचा खोकला सोडला तर, आणि तो खोकला म्हणजे काही नाही हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मामी गेल्यापासून आमच्याकडेच किसननगरला असतात म्हणून ही जबाबदारी माझ्याकडे.

आता छातीच्या स्कॅनचं आधी सांगते कारण पोटाचं सगळं त्यावर उभं आहे. फुफ्फुसाचा कॅन्सर लक्षणं दिसेपर्यंत बहुतेक वेळा पुढे गेलेला असतो, आणि साध्या एक्स-रेमध्ये लवकरचा सापडत नाही. अमेरिकेत ५३ हजारांहून जास्त लोकांवर मोठी चाचणी झाली होती, ५५ ते ७४ वयाचे, भरपूर ओढलेले, अर्ध्यांना लो डोस सीटी आणि अर्ध्यांना एक्स-रे, वर्षातून एकदा असं तीन वेळा. २०११ मध्ये रिझल्ट आला, सीटीवाल्या गटात फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी. नंतर २०२० मध्ये नेदरलँड्स-बेल्जियमच्या चाचणीत पुरुषांमध्ये दहा वर्षांत २४ टक्के कमी. म्हणजे छातीच्या स्कॅनला पुरावा पक्का आहे, पण कोणासाठी ते महत्त्वाचं. अमेरिकेतला २०२१ चा नियम असा की वय ५० ते ८०, किमान २० पॅक-इयर, आणि अजून ओढत असाल किंवा सोडून १५ वर्षं व्हायची असतील. पॅक-इयर म्हणजे दिवसाच्या सिगारेटी भागिले वीस गुणिले वर्षं. मामांचं पंधरा भागिले वीस गुणिले पस्तीस, सव्वीसच्या वर, म्हणजे ते बसतात.

आणि पहिली तक्रार इथेच. सेंटरच्या फॉर्मवर सिगारेटचा रकाना आहे, विडीचा नाहीच. ठाण्यात, वागळे इस्टेटच्या उशाला बसून तुम्ही फुफ्फुसाची तपासणी विकता आणि फॉर्मवर विडी नाही? अख्ख्या देशात सिगारेटपेक्षा विडी ओढणारे जास्त आहेत. मी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, मॅडम सिगारेटमध्येच लिहा. मी बाजूला पेनाने लिहिलं, पहिली बारा वर्षं विडी, आणि सही केली. ते कोणी वाचलं असेल असं वाटत नाही. मिश्री आणि तंबाखूचाही प्रश्न नव्हता, त्याच्याबद्दल पुढे बोलते.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. आमच्या पुढे एक मुलगा होता, तिशी-बत्तिशीचा असेल, गळ्यात कंपनीचं आयकार्ड, तो सीबीसी आणि थायरॉइडला आला होता. काउंटरवरच्याने त्याला विचारलं सर स्मोक करता का, तो म्हणाला पार्टीत कधीतरी, तर लगेच घ्या ना सर, छाती-पोट दोन्ही, ऑफर आहे. त्या वयाच्या, कधीतरी ओढणाऱ्या मुलाला या स्कॅनचा फायदा आहे असं कुठेच दिसलेलं नाही, त्याला फक्त रेडिएशन मिळणार आणि काहीतरी बारीक टिपका सापडून झोप उडणार. मी मध्ये पडले, म्हटलं दादा तुझ्या डॉक्टरला विचारून ये, तर काउंटरवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. बघू दे. तपासणी विकायची असेल तर वय आणि पॅक-इयर विचारल्याशिवाय बिल फाडायचंच नाही, एवढी साधी शिस्त पाहिजे. अमेरिकेत सरकारी विम्यातून हा स्कॅन पहिल्यांदा करायचा तर आधी डॉक्टरसोबत बसून फायदे-तोटे बोलावे लागतात आणि सिगारेट सोडण्याबद्दलही बोलणं व्हावं लागतं. आपल्याकडे ऑफर आहे.

आता स्कॅनबद्दल, आणि इथे मी मनापासून चांगलं लिहिणार आहे. टेक्निशियन मुलगा फार नीट वागला. मामांना पाठदुखी आहे तर गुडघ्याखाली उशी दिली, हात डोक्यावर धरायला जमत नव्हते तर टेकायला आधार दिला, आणि मशीनमधून रेकॉर्डेड आवाज हिंदीत सांस रोकिए म्हणतो तो मामांना कमी ऐकू येतो म्हणून स्वतः माइकवरून मराठीत सांगितलं, काका श्वास घ्या, धरून ठेवा, आता सोडा. छातीचा एका दमात झाला. मग टेबल थोडं सरकलं आणि पोटाचा, पुन्हा एकदा दम धरून. कपडे बदलणं, झोपणं, उठणं सगळं धरून फार वेळ नाही. उपाशी यायला सांगितलं होतं, त्याची प्लेन सीटीला खरंतर गरज नसते, डाय द्यायचा असेल तर वेगळी गोष्ट. साठीच्या पुढच्या माणसाला, त्यात डायबेटीस असेल तर, उगाच सकाळभर उपाशी बसवू नका एवढं सेंटरवाल्यांनी बघावं.

पोट जोडण्यामागची कल्पना काय ते मला आधी पटत नव्हतं, वाटलं बिल वाढवायचा धंदा. पण वाचलं तेव्हा कळलं की याच्यावर इंग्लंडमध्ये खरंच काम झालंय. यॉर्कशायरमध्ये, लीड्सला, सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढणाऱ्या ५५ ते ८० वयाच्या लोकांची फुफ्फुसं तपासायला गाडीवरचं सीटी मशीन वस्तीत न्यायचे, तिथेच केंब्रिजच्या संशोधकांनी लोकांना विचारलं की आलाच आहात तर पोटाचाही प्लेन सीटी करू का, मुख्यतः किडनीसाठी. शंभरातले ९३ जण हो म्हणाले. ४,०१९ लोकांचा स्कॅन झाला, प्रत्येकामागे सरासरी १३ मिनिटं जास्त लागली. त्यात किडनीचा कॅन्सर १० जणांना सापडला, दुसरे कॅन्सर आणखी १० जणांना, आणि ६० जणांच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगलेली सापडली.

किडनीच का, तर सिगारेटचा संबंध फक्त फुफ्फुसाशी नाही. किडनी, मूत्राशय, स्वादुपिंड या सगळ्यांच्या कॅन्सरला ती कारण आहे. किडनीची गाठ बराच काळ दुखत नाही, काही नाही, खूपदा भलत्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये सापडते. लहान असताना सापडली तर गाठीपुरता भाग काढून बाकीची किडनी वाचवता येते. म्हणून माणूस आधीच सीटीच्या टेबलवर झोपलेला असताना दोन वीत खाली बघून घ्यायचं, एवढंच. तसंही छातीच्या सीटीत पोटाचा वरचा भाग थोडा येतोच.

आणि ती रक्तवाहिनी, एओर्टा. हृदयातून निघून पोटातून खाली जाते आणि मग दोन पायांकडे फुटते. सिगारेट ओढणाऱ्या, वय झालेल्या पुरुषांमध्ये तिची भिंत कमजोर होऊन ती फुगते, सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तशी. ३ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त रुंद झाली की त्याला अॅन्युरिझम म्हणतात. दुखत नाही. फुटली तर बरेच जण हॉस्पिटलपर्यंत पोहोचतच नाहीत. ५.५ सेंटिमीटरच्या आसपास गेली की ऑपरेशनचा विचार करतात, त्याच्या आत असेल तर ठरावीक अंतराने मोजत राहायचं. इंग्लंडमध्ये पुरुषाला ६५ लागलं की सरकार एकदा सोनोग्राफी करून ती मोजून देतं. आपल्याकडे हे नावही कोणी ऐकलेलं नसतं, किडनी म्हटलं की मूतखडा आणि पोट म्हटलं की अॅसिडिटी.

पण त्याच यॉर्कशायरच्या आकड्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. साधारण ६४ टक्के लोकांचं पोट अगदी नॉर्मल निघालं. आणखी २० टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये काहीतरी दिसलं, ते तज्ज्ञांनी पुन्हा बसून बघितलं, आणि पुढे काही करायची गरज निघाली नाही. आधी माहीत नसलेलं खरं गंभीर असं ५.३ टक्के. म्हणजे दर पाचातल्या एकाच्या स्कॅनमध्ये असं काहीतरी आहे जे कोणीतरी जाणत्याने बघून 'सोडून द्या' म्हणायला पाहिजे. तिथे ते बघणारे डॉक्टर आधीच नेमलेले होते, पेशंटपर्यंत तो घोळ पोहोचतच नव्हता. आपल्याकडे तो अख्खा घोळ पाकिटात घालून पेशंटच्या हातात देतात. शिवाय ती चाचणी हे जमतं का, लोक घेतात का, काय काय सापडतं, हे बघायला होती. पोटाच्या स्कॅनने जीव किती वाचतात हे तिने सिद्ध केलेलं नाही, आणि सेंटरच्या पोस्टरवर 'जीवनदान' असं लिहिलंय ते छातीच्या बाबतीतही जरा जास्तच आहे, पोटाच्या बाबतीत तर फारच.

आमचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. वेळेवर, तक्रार नाही.

छातीचा भाग नीट लिहिला होता. उजव्या वरच्या भागात जुने कडक झालेले डाग, मामांना तरुणपणी टीबी होऊन गेलाय, पूर्ण कोर्स केला होता, त्याच्या खुणा. आणि एक ५ मिलिमीटरची घट्ट गाठ, लंग-रॅड्स २, एका वर्षाने पुन्हा स्कॅन. ही लंग-रॅड्स पद्धत चांगली आहे, गाठीच्या मापावरून ठरतं, पहिल्या स्कॅनला ६ मिलिमीटरच्या आतली घट्ट गाठ असेल तर वर्षभर थांबायचं, त्याच्यापेक्षा मोठी असेल तर सहा महिने किंवा त्याहून लवकर. टीबीच्या देशात हे फार महत्त्वाचं आहे, आपल्याकडे कितीतरी लोकांच्या फुफ्फुसात जुने डाग आहेत आणि प्रत्येक डागाला कॅन्सर समजून सुई टोचत बसलं तर अनर्थ होईल. त्या अमेरिकन चाचणीत सुद्धा सीटीत काहीतरी संशयास्पद दिसलेल्यांपैकी ९६ टक्के लोकांना कॅन्सर नव्हताच.

पोटाचा भाग मात्र. शेवटी 'इंप्रेशन' म्हणून जो चौकोन असतो, लोक तोच वाचतात, डॉक्टरही घाईत तोच वाचतात, त्यात चार गोष्टी होत्या. उजव्या किडनीत साधी पाण्याची गाठ. लिव्हरवर चरबी. पित्ताशयात खडा. डाव्या अॅड्रिनल ग्रंथीत (किडनीच्या वर बसलेली, हार्मोन बनवणारी छोटी ग्रंथी) १.३ सेंटिमीटरची गाठ. बस्स. मी सवयीने सगळं वाचते म्हणून वरचा मजकूर ओळ ओळ वाचत गेले, तर मधल्या परिच्छेदात, कॅल्शियमबद्दलच्या वाक्याला चिकटून, लिहिलं होतं की किडनीच्या खालच्या पातळीवर एओर्टा ३.४ सेंटिमीटर. अख्ख्या पोटाच्या रिपोर्टमध्ये मामांच्या दृष्टीने सगळ्यात कामाची ओळ ती, आणि ती इंप्रेशनमध्ये नाही! पाण्याची गाठ, जी त्या वयात कितीतरी लोकांना असते आणि काही करत नाही, ती पहिल्या नंबरला.

मामांनी काय वाचलं, तर 'गाठ'. किडनीत गाठ, अॅड्रिनलमध्ये गाठ, छातीत गाठ. तीन गाठी. रात्री जेवले नाहीत. मला म्हणाले, "हे बघ, माझं झालं सगळं जगून, ते टाटाच्या फेऱ्या वगैरे मला करायला लावू नकोस." मी म्हटलं मामा, अजून कोणी काही बोललेलं नाही, उद्या डॉक्टरांकडे जाऊ, तर म्हणाले तू मला लहान मूल समजतेस. मग बाल्कनीत जाऊन सिगारेट. माणूस घाबरला की तीच आठवते त्यांना. हा जो रात्रीचा ताण आहे ना तो पॅकेजच्या किमतीत कुठे लिहिलेला नसतो, आणि तो टाळता आला असता, रिपोर्ट देताना कोणी पाच मिनिटं समोर बसवून बोललं असतं तर. साडेपाच हजारांत पाच मिनिटं मागणं जास्त नाही.

उलट झालं काय, तर रिपोर्ट देताना काउंटरवरच्याने पाकिटाच्या वरची ओळ बघून विचारलं, अॅड्रिनलचा डायवाला सीटी बुक करून टाकू का, डिस्काउंट देतो. तो डॉक्टर नाही, त्याने रिपोर्ट उघडायचाच नाही, सल्ला देणं तर लांब.

फॅमिली डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सगळं सोडवून दिलं. अॅड्रिनलच्या गाठीची घनता रिपोर्टमध्ये ४ युनिट लिहिली होती, प्लेन सीटीत १० किंवा त्याखाली आणि एकसारखी असेल तर ती चरबीची निरुपद्रवी गाठ धरतात, परत स्कॅन नको, डाय तर अजिबात नको. फक्त हार्मोनची एक टेस्ट, रात्री एक गोळी घ्यायची आणि सकाळी आठला रक्त द्यायचं, ती नॉर्मल आली. पित्ताशयाच्या खड्याला त्रास नाही तर हात लावायचा नाही. पाण्याची गाठ विसरून जा. आणि एओर्टाच्या ओळीवर त्यांनी पेनाने गोल केला आणि म्हणाले, "हे बरं झालं कळलं. बीपी, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट, तिन्हीवर आता चालढकल नाही चालणार काका." मामा त्यांचं ऐकतात, माझं नाही. इंग्लंडच्या पद्धतीने ३ ते ४.४ सेंटिमीटर असेल तर वर्षातून एकदा सोनोग्राफीने मोजतात, आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. सिगारेट चालू राहिली तर ती लवकर वाढते हेही सांगितलं.

मग मी सेंटरला फोन लावला. इथे सेंटरला मार्क देते. पहिल्यांदा फोन फिरवाफिरवी झाली पण शेवटी रिपोर्टवर सही केलेल्या रेडिओलॉजिस्ट मॅडम स्वतः फोनवर आल्या, रिपोर्ट उघडून बघितला, म्हणाल्या बरोबर आहे तुमचं, ही ओळ इंप्रेशनमध्ये वर यायला हवी होती, आणि दुसऱ्या दिवशी सुधारलेला रिपोर्ट मेलवर आला, त्यात एओर्टा पहिली. कारण सांगत बसल्या नाहीत, आवाज चढवला नाही. असं वागणारी माणसं असली की परत जावंसं वाटतं.

रेडिएशनबद्दल लोक विचारतात म्हणून. 'लो डोस' हे नाव छातीच्या स्कॅनचं आहे, पोटाचा आपोआप लो डोस होत नाही. मी टेक्निशियनला डोसचं पान दाखवायला सांगितलं, त्याने कुरकुर न करता स्क्रीनवर दाखवलं. तिथे डीएलपी म्हणून एक आकडा असतो, छातीचा होता ६२, पोटाचा ३१०. छातीचा ०.०१४ ने आणि पोटाचा ०.०१५ ने गुणला की अंदाजे मिलिसिव्हर्ट, म्हणजे शरीराला मिळालेल्या रेडिएशनचं माप, निघतात, म्हणजे छाती एकच्याही खाली आणि पोट साडेचारच्या पुढे. निसर्गातून आपल्याला वर्षाला जगभराच्या सरासरीने २.४ मिळतात. म्हणजे एकदा केला तर ६६ वर्षांच्या माणसासाठी काळजीचं कारण नाही. पण हे सेंटर पुढच्या वर्षीसाठी सुद्धा दोन्हीचं कूपन हातात ठेवतं, आणि त्याला माझा विरोध आहे. छातीचा दरवर्षी करायला आधार आहे. पोटाचा दरवर्षी करायला मला तरी कुठे आधार दिसला नाही, यॉर्कशायरमध्येही तो एकदाच केला होता.

अजून एक गोष्ट. पोटाचा प्लेन सीटी नॉर्मल आला म्हणजे पोट क्लिअर, असं कोणी समजू नका, आणि सेंटरच्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये 'संपूर्ण पोटाची कॅन्सर तपासणी' असं जे लिहिलंय ते सरळ सरळ चुकीचं आहे. डाय न देता केलेल्या सीटीत मूत्राशयाची सुरुवातीची गाठ नीट दिसत नाही, आणि सिगारेटचा मूत्राशयाशी संबंध तर किडनीपेक्षाही घट्ट. लघवीतून लाल जाणं, दुखत नसलं तरी, एकदाच झालं तरी, स्कॅन नॉर्मल असला तरी, डॉक्टरकडे जायचंच. स्वादुपिंडाची लहान गाठ, लिव्हरमधली लहान गाठ, हे पण डाय नसेल तर सहज निसटतं. आतड्याच्या कॅन्सरची तपासणी याने होत नाही. काय दिसतं तर किडनी बऱ्यापैकी, एओर्टा छान, खडे फार छान.

आणि ज्यांना छातीचा स्कॅन लागू नाही पण पूर्वी ओढायचे, वय ६५ ते ७५, पुरुष, त्यांनी हे पॅकेज न घेता फक्त पोटाची सोनोग्राफी करावी आणि सांगावं की एओर्टा मोजून लिहा. रेडिएशन शून्य, पैसे बरेच कमी. अमेरिकेतही या वयाच्या, आयुष्यात कधी ना कधी सिगारेट ओढलेल्या पुरुषांना एकदा तेवढं करायला सांगतात. सोनोग्राफीवाल्याला 'एओर्टा मोजा' हे वेगळं सांगावं लागतं, नाहीतर 'पोट नॉर्मल' लिहून मोकळे. पोटात गॅस असेल तर नीट दिसत नाही म्हणून सोनोग्राफीला मात्र उपाशी जायचं.

आता तो तंबाखूचा मुद्दा. महाराष्ट्रात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी पट जास्त आहेत. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के होते आणि ओढणारे ३.८ टक्के. मामांच्या कारखान्यातले अर्धे मित्र दुपारी चिमूट लावायचे. साडेपाच हजारांच्या स्मोकर पॅकेजमध्ये कोणी मामांना तोंड उघडा म्हणालं नाही. बॅटरी आणि लाकडी पट्टी लागते, दुसरं काही नाही. केरळमध्ये हे करून बघितलंय, आरोग्यसेवकांनी नुसतं तोंडात बघून, आणि २००५ मध्ये छापलेल्या निकालात तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. आपल्याकडे सरकारी योजनेत तिशीच्या पुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी आहे, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात विचारा. किडनी बघायला दोन हजार घेताय तर तोंड फुकट बघा, मी हे फीडबॅक फॉर्मवर पण लिहून आलेय, ठळक अक्षरात.

सोडण्याबद्दल सुद्धा सेंटरमध्ये कोणी एक शब्द बोललं नाही. भिंतीवर काळ्या फुफ्फुसाचा फोटो आहे, त्याने मामांना काही फरक पडला नाही, पाकिटावर पण तोच असतो. राष्ट्रीय क्विटलाइनचा नंबर, १८००-११-२३५६, फुकट आहे, तो तरी रिपोर्टच्या पाकिटावर छापा.

बारीकसारीक: सीडी मागितल्याशिवाय देत नाहीत आणि तीनशे रुपये वेगळे घेतात. तरी घ्याच. पुढच्या वर्षी ती ५ मिलिमीटरची गाठ वाढली की तशीच आहे हे फक्त जुना स्कॅन समोर ठेवूनच कळतं, फिल्मवरच्या टिकलीएवढ्या फोटोंवरून नाही, आणि सेंटर बदललं तर जुना स्कॅन तुमच्याकडेच असायला हवा. लिफ्ट आहे पण दोन पायऱ्या चढून लिफ्टपर्यंत जावं लागतं, व्हीलचेअरवाल्यांनी आधी फोन करा. पार्किंग नाही, रिक्षाने जा. वेटिंगमध्ये एसी इतका की मामांनी माझी ओढणी घेतली पांघरायला. टॉयलेट स्वच्छ.

रेटिंग द्यायचं तर स्कॅन आणि टेक्निशियनला पाचपैकी पाच, रेडिओलॉजिस्ट मॅडमना चार, काउंटरला एक, आणि ते 'संपूर्ण पोटाची कॅन्सर तपासणी' लिहिणाऱ्याला शून्य.

पुन्हा करणार का, तर छातीचा हो, पुढच्या वर्षी इथेच, कारण तुलना एकाच मशीनवर झालेली बरी. पोटाचा सीटी नाही. दोन हजार वाया गेले असं मी म्हणणार नाही, ती ३.४ ची ओळ त्याच दोन हजारांत मिळाली. पण आता ती सोनोग्राफीने मोजता येते आणि ती आमच्या डॉक्टरांच्या ओळखीच्या ठिकाणी नौपाड्यात होईल. तुमच्या घरी साठी ओलांडलेलं, वर्षानुवर्षं ओढलेलं कोणी असेल तर एकदा जोडून घ्या, पण रिपोर्ट कोणाला दाखवणार ते आधी ठरवून त्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवा, आणि रिपोर्ट आल्यावर पेशंटच्या हातात पाकीट देण्याआधी स्वतः पहिल्या ओळीपासून वाचा. कोणाला तो विडीचा हिशोब कसा धरायचा किंवा रिपोर्टमधलं एओर्टाचं माप कुठे शोधायचं ते विचारायचं असेल तर खाली लिहा, मी बघून उत्तर देईन.